ठणठणीत माणसाचं आजारपण

२४ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

बसली आहेस ना? नसलीस तर आधी बस. तुझा भाऊ परदेशी चाललाय.

हसू नकोस, थट्टा नाही. कागदपत्रं हातात पडेपर्यंत मुद्दामच तुला कळवलं नव्हतं. फोन करणार होतो, पण फोनवर आपल्याला धड बोलता येत नाही. दोघंही "बरं मग, ठेवू?" म्हणत बसतो.

झालं असं की, दोन महिन्यांपूर्वी आमच्या कारखान्यात एक गृहस्थ आले होते. समुद्रापलीकडच्या एका बंदरात त्यांचा लाकडी होड्या बांधायचा कारखाना आहे. आले होते लाकूड बघायला, आणि थबकले मी केलेल्या एका दारापाशी. जिन्याखालच्या कपाटाचं दार होतं, साधंच, पण सांधे असे बसलेत की कागद आत जाणार नाही. त्यांनी ते दोनदा उघडलं, दोनदा लावलं आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "दोन वर्षांसाठी येतोस का आमच्याकडे?" मी तोंड उघडायच्या आत आमचे मिस्त्री खो खो हसायला लागले. म्हणाले, "हा? अहो, तलावातल्या होडीत बसायचं म्हटलं तरी हा काठावरच्या झाडाला मिठी मारतो!" झालं. सगळा कारखाना हसला. माझी सटकली. मी म्हणालो, "कधी निघायचं?"

ताई, मिस्त्रींचं हसू जे मावळलं ना, ते बघायला तू हवी होतीस!

तेव्हापासून मी राजा आहे. ज्याला त्याला मी खलाशी वाटायला लागलोय. परवा निरोपसमारंभ झाला, केक कापला, भाषणं झाली. आमच्याकडची रीत तुला ठाऊक आहे, सोडून जाणारा आपली हत्यारं एकेकाच्या हातात देऊन जातो. मीही दिली. मोठा रंधा मिस्त्रींना दिला, करवती बाकीच्यांना वाटल्या आणि पटाश्यांचा संच पॉलिशवाल्याला. त्याला पटाश्यांचा काय उपयोग म्हणा, पण गेल्या वर्षी त्याची आई गेली तेव्हापासून तो मला जरा जास्तच धरून असतो. हातात घेतल्या आणि ढसाढसा रडला. मीही रडलो. आता माझ्याकडे साधा स्क्रू पिळायलाही काही उरलेलं नाही.

बाबांना सांगितलं तेव्हा ते सायकलचं पंक्चर काढत होते. म्हणाले, "जा की. मला काय धाड भरलीय?" ते खरंच आहे. बहात्तरीचा माणूस रोज सकाळी सायकल मारत तलावावर जातो, पोहून येतो आणि येताना शीळ घालतो. सगळ्या गल्लीला त्या शिळेवर घड्याळ लावता येईल.

एक गंमत सांगतो. त्या गृहस्थांनी होडीच्या सांगाड्याचे फोटो पाठवलेत. मी ते सारखे काढून बघतो. ताई, होडीत एकही काटकोन नसतो गं. एकही! मला कारखान्यात 'दारवाला' म्हणतात, आयुष्यभर मी लाकडाला गुण्या लावून काटकोन बघत आलो. तिकडे तो लावायचा कुठे? असो. शिकेन. न शिकायला काय झालं?

३ मार्चला निघतोय.

तुझा,
लंबू


२८ फेब्रुवारी

लंबूशेठ,

बसले नव्हते, उभ्यानेच वाचलं, आणि हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर चादरींच्या ढिगात किंचाळले. हाताखालच्या पोरी धावत आल्या. त्यांना सांगितलं, माझा भाऊ होड्या बांधायला चाललाय. एक म्हणाली, "तुमचा भाऊ दारं करतो ना?" मी म्हटलं, "करत होता!"

जा रे बाबा. मी रोज परक्या देशांतल्या पाहुण्यांच्या खोल्या आवरते. त्यांच्या पलंगावर नकाशे पसरलेले असतात, बुटांना कुठकुठली माती असते. आपल्या घरातलं कुणी असं उठून निघेल, असं वाटलं नव्हतं कधी. लोकरीचे मोजे भरपूर ने. कुणी काही शिकवलं की "माहितीये" म्हणू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

एक मात्र विचारते. मनातून जायचंय म्हणून चाललायस, की मिस्त्री हसले म्हणून? हे स्वतःला एकदा विचार. उत्तर मला कळवू नकोस, नाहीतर मीच म्हणेन, थांब.

बाबांची काळजी करू नकोस. ते एकटे राहतील, आणि नाहीच जमलं तर बघू. बघू म्हणजे, मी बघेन. सासूबाई आहेत, पोरीचा अभ्यास आहे, दोन खोल्या आहेत, पण होईल काहीतरी. तू त्यात डोकं घालू नकोस.

तुझे दाजी म्हणतात, होडी बुडाली तर दाराला धरून तरंग. त्यांचे विनोद तुला माहीतच आहेत.

तुझी,
ताई


११ मार्च

प्रिय ताई,

मी गेलो नाही.

बाबांची तब्येत जरा नरम आहे. घाबरण्यासारखं काही नाही, पण अशा वेळी त्यांना सोडून जाणं मला बरं वाटेना. होडीवाल्यांना कळवलंय. ते म्हणाले, वडील बरे झाले की ये, मेअखेरपर्यंत जागा ठेवतो. भली माणसं आहेत.

तू धावत येऊ नकोस. उगाच रजा नको वाया घालवू.

लंबू


२० मार्च

लंबू,

अर्ध्या पानाचं पत्र! ते वाचून लगेच फोन लावला. तू कामावर होतास. बाबांनी उचलला. मी विचारलं, "काय होतंय?" तर किती वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हं... जरा नरमच आहे." आवाज असा खोल गेला होता की मला ओळखूच येईना. मग खोकले. बाबा कधी खोकलेत? मी फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन रडले.

आता नीट ऐक. तू आमच्यासाठी, म्हणजे बाबांसाठी थांबलास. पण असं आयुष्यभर थांबणार का? मी सगळ्यांशी बोलले. पोरीचं टेबल आमच्या खोलीत येईल, सासूबाई हॉलमध्ये झोपतील. त्यांना हे पटवायला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते विचारू नकोस. दाजी तर अजून बोलत नाहीयेत. पण एक खोली रिकामी झाली. १५ एप्रिलला मी येते आणि बाबांना इकडे घेऊन जाते. मग तू मोकळा. बॅग भर आणि नीघ.

तुझ्याबद्दल मी मनात शंका घेतली होती, त्याची लाज वाटते. तू माझ्यापेक्षा चांगला निघालास.

ताई


६ एप्रिल

ताई,

येऊ नकोस. कृपा करून येऊ नकोस. बाबांना काही झालेलं नाही. त्यांना साधी सर्दीसुद्धा नाही.

हे वाक्य लिहायला मी दोन आठवडे घालवले. तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. "तू माझ्यापेक्षा चांगला निघालास." ते वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता सगळं सांगतो. मधे थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

३ मार्चला बाबा मला बसपर्यंत सोडायला आले. मी चढलो, हात हलवला आणि दुसऱ्या थांब्यावर उतरलो. का, ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं. छत्तीस वर्षांचा मी, इथे माझ्या दाराला लोक हात लावून बघतात. तिकडे मला पहिल्या दिवशी फळी धरता येणार नव्हती. कुणीतरी पोरगं मला शिकवणार आणि मी चुकणार. त्या विचारानेच मी उतरलो. दिवसभर बागेत बॅगेवर बसून राहिलो. संध्याकाळी घरी आलो. बाबांनी दार उघडलं, बॅगेकडे बघितलं. दोन अंडी जास्त फोडली, बस.

मग मी घरात लपून बसलो. सांगणार काय? हत्यारं वाटली, केक खाल्ला, भाषणं ऐकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तीन दिवसांनी पाव आणायला गेलो, तर रांगेत माझ्या मागे मिस्त्री! "अरे, तू इथे?" माझ्या तोंडून आपोआप गेलं, "बाबा जिन्यावरून पडले. मणक्याला मार बसलाय. डॉक्टरांनी हलायचं नाही सांगितलंय." बोलताना माझे डोळेही भरून आले. इतका नीच मी.

त्याच संध्याकाळी मिस्त्री आणि पॉलिशवाला संत्री घेऊन दारात. बाबा गॅलरीत सायकलच्या साखळीला तेल घालत होते, शीळ घालत. मी धावत जाऊन एका दमात सांगितलं, "बाबा, ते आलेत. मी त्यांना सांगितलंय तुम्ही पडलात." ताई, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं... ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी हात पुसले, चपला काढल्या आणि जाऊन पलंगावर आडवे झाले. पांघरूण गळ्यापर्यंत. मंडळी आत आल्यावर असे कण्हले की मिस्त्रींनी तोंड फिरवलं.

मला वाटलं, एका संध्याकाळचा प्रश्न आहे. कसलं काय! दुसऱ्या दिवसापासून सगळे माझी हत्यारं परत आणून द्यायला लागले. "असू दे रे, तुला आता इथेच लागतील." रंध्याला धार लावून, पटाश्यांना तेल लावून. मिस्त्रींनी बाबांच्या पाठीला आधार म्हणून पलंगाला उतरती फळी करून दिली. रविवारी, सुट्टीच्या दिवशी येऊन स्वतः बसवली. रोज सकाळी कारखान्यात पाऊल टाकलं की विचारतात, "बाबा कसे आहेत?" आणि मी रोज तोंड पाडून म्हणतो, "तसेच."

आणि बाबा कुठे जाणार? कारखाना कोपऱ्यावरच. बाहेर पडले की कुणीतरी बघणार. सायकल न्हाणीघरात उभी आहे. पडदे ओढून ते स्वयंपाकघरापासून गॅलरीच्या दारापर्यंत येरझाऱ्या घालतात. शीळ घालत नाहीत, बाहेर ऐकू जाते म्हणून. तुझा फोन आला तेव्हा त्यांना काही ठाऊक नव्हतं, तू विचारलंस त्यावरून त्यांनी ओळखलं की मी तुलाही थाप मारलीय, आणि तीही सांभाळून घेतली. काल खुर्चीतून उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. ते नाटक नव्हतं. बघायला घरात मीच एकटा होतो.

पण हे सगळं मी गिळलं असतं, ताई. गेल्या रविवारी पॉलिशवाला आला नसता तर.

त्याची आई आठ महिने अंथरुणाला खिळली होती. तो म्हणाला, "झोपून झोपून पाठीला जखमा होतात. कूस कशी बदलायची ते तुला शिकवतो." मी नको नको म्हणत होतो. तो बाबांच्या शेजारी बसला. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. "असं एकदम नाही ओढायचं. आधी सांगायचं त्यांना, बाबा, आता वळायचंय हं." आणि त्याने बाबांना असं वळवलं की जणू काचेचे आहेत. मग ओल्या फडक्याने पाठ पुसली, पावडर लावली. लावता लावता म्हणाला, "आईला शेवटी शेवटी फक्त एवढंच बरं वाटायचं." त्याचं नाक गळत होतं, हात गुंतलेले, पुसताही येईना. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी उभा राहून शिकत होतो. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

तो गेल्यावरही बाबा उठले नाहीत. मग तसेच भिंतीकडे बघत म्हणाले, "तुझी आई गेल्यापासून मला असा कुणी हात लावला नव्हता. ते त्याच्या आईचं होतं रे. मी चोरलं." आणि म्हणाले, "तू जा नाहीतर राहा. पण माझ्या नावावर नको."

आता तू मला काय हवं ते बोल.

लंबू


१३ एप्रिल

लंबू,

काय बोलू? समोर असतास तर बडवून काढलं असतं. माझी खोली रिकामी, सासूबाई हॉलमध्ये कण्हतायत, दाजी महिनाभर घुम्यासारखे, आणि तिकडे आजारी माणूस सायकलला तेल घालतोय! रागाने मी आज तीन खोल्यांच्या चादरी उलट्या घातल्या.

आणि बाबा! तुझी लाज झाकायला त्यांनी मला न्हाणीघरात रडवलं. मुलगा तेवढा आपला, मुलगी काय, खोकला ऐकवला की झालं. त्यांना सांग, मला हे लागलंय.

पण खरं सांगू का? तुझं पत्र उघडलं, पहिली ओळ वाचली, "येऊ नकोस." पुढचं वाचायच्या आधी माझ्या अंगातून असं काहीतरी सैल झालं. सुटले, असं वाटलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की माझे बाबा आजारी आहेत, आणि त्यांना आणावं लागणार नाही म्हणून मला बरं वाटलं. त्याही आधी, मार्चमध्ये तू गेला नाहीस हे वाचून पहिल्यांदा काय वाटलं असेल? तेच. मग त्यावर पांघरूण घालायला मी खोली रिकामी केली, सगळ्यांशी भांडले, तुला मोठं पत्र लिहिलं आणि देवाजवळ मागत होते की तू नको म्हण. "बघू म्हणजे, मी बघेन" असं लिहिताना मी मधेच अडखळले होते. तुला दिसलं नाही, कारण तू आपल्याच घाईत होतास.

तेव्हा मी काही नाकाने कांदे सोलत नाही. आपण दोघांनी त्या एका म्हाताऱ्याच्या अंगावर आपापलं ओझं टाकलं आणि त्याने ते मुकाट्याने घेतलं.

आता बाबांना त्या पलंगावरून उठव. उद्याच. कारखान्यात जा आणि सगळ्यांसमोर सांग. मिस्त्रींना बाजूला घेऊन कुजबुजलास तर बघ! परदेशी जायचं की नाही, ते त्यानंतर.

ताई


२८ एप्रिल

प्रिय ताई,

सांगितलं.

उद्याच म्हणाली होतीस, मला चार दिवस लागले. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले होते. मिस्त्रींनी रोजच्यासारखं विचारलं, "बाबा कसे आहेत?" मी म्हणालो, "ते पडलेच नव्हते. मी घाबरलो होतो जायला. सगळं खोटं सांगितलं." मिस्त्रींना कळेना. म्हणाले, "म्हणजे मणका?" मी म्हणालो, "ठणठणीत आहे." कुणीतरी फिसकन हसलं, पण दुसरं कुणी हसलं नाही, म्हणून तेही थांबलं. पॉलिशवाल्याने हातातला घास डब्यात ठेवला, फडक्याने एकेक बोट पुसलं आणि उठून मागच्या अंगणात गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मिस्त्री एवढंच म्हणाले, "दुपारी चौकटी लावायच्या आहेत. उशीर करू नकोस." त्यांनी आईमाईवरून शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

तेव्हापासून माझ्याशी सगळे कामापुरतं बोलतात. पॉलिशवाला तेवढंही नाही. माझं दार त्याच्याकडे गेलं की तो ते सगळ्यांत शेवटी घेतो, पण पॉलिश मात्र चोख करतो.

बाबांनी दुसऱ्या सकाळी सायकल बाहेर काढली. अर्ध्या रस्त्यात पाय भरून आले, उरलेला रस्ता हातात धरून नेली. संध्याकाळी ते एकटे पॉलिशवाल्याच्या घरी जाऊन आले. काय बोलणं झालं ते मला सांगत नाहीत.

आता जायचं की नाही. ताई, कारणं संपली. मिस्त्रींना दाखवून द्यायचं कारण संपलं आणि बाबांच्या मणक्याचंही. मग मी काय केलं, कारखान्याच्या अंगणात पत्र्याचा लांब डबा मांडला, पाणी उकळलं आणि वाफेवर फळी धरून वाकवायचा प्रयत्न केला. होडीवाले तशी वाकवतात. पहिली फळी मोडली. दुसरी मोडली. सगळे बघत होते, कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तिसरी मोडायच्या आधी थोडी वाकली, चार बोटं असेल. मला ती चार बोटं सोडवेनात. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा मांडला. म्हणजे मला जायचंय. भीती आहे तेवढीच आहे, पण जायचंय.

होडीवाल्यांनाही खरं लिहिलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, या, पण पगार शिकाऊचा मिळेल. बरोबर आहे त्यांचं. मी कबूल केलंय. १९ मेला निघतो. हत्यारं या वेळी मिस्त्रींच्या टेबलावर नुसती ठेवून जाणार आहे. हातात द्यायला मला तोंड नाही.

खाली बाबांना दोन ओळी लिहायच्या आहेत.

तुझा,
लंबू

मुली, तुझं पत्र मी वाचलं. तो देत नव्हता, मी घेतलं. फोनवर तुझ्याशी खोटं बोललो, ते चुकलं. त्याला झाकायला गेलो आणि तुला रडवलं. आता कान पकडतो. खोली पुन्हा पोरीला दे, मला माझा तलाव सोडायचा नाही. आणि तुला हायसं वाटलं म्हणून जीव खाऊ नकोस. म्हाताऱ्या बापाला घरी आणायचं म्हटल्यावर उड्या कोण मारतं? माझ्या बापाला मी आणलं तेव्हा तोंड आंबट करूनच आणलं होतं. त्याने दहा वर्षं काढली आणि मी रडलो तो गेल्यावर. उभी हयात बस चालवली, मागे बसलेल्यांचे चेहरे आरशात बघत. चांगली माणसं पण जागेसाठी कोपर मारतात गं. तुझे बाबा.


२० मे

प्रिय ताई,

बंदरावरच्या प्रतीक्षागृहातून लिहितोय. जहाजाला वेळ आहे, आणि एक गोष्ट मला इथून पुढे एकट्याने न्यायची नाही.

काल बसथांब्यावर बाबा आणि मी दोघंच होतो. दुसरं कोण येणार? बाबा माझ्यासाठी पाण्याची बाटली आणायला समोरच्या दुकानात गेले, तेवढ्यात पॉलिशवाला आला. कामाच्या कपड्यांत, हाताला पॉलिश तसंच. महिना होत आला, तो माझ्याशी बोलला नव्हता. मला वाटलं, आता बोलेल मनातलं, आणि बोलावंच त्याने. मी मान खाली घालून उभा राहिलो.

तो म्हणाला, "दारवाल्या, तू त्या दिवशी सांगितलंस ना, बाबा ठणठणीत आहेत म्हणून. मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला."

मी वर बघितलं.

"मला वाटलं, पडायला हवे होते. खरंच पडायला हवे होते, आणि माझ्या आईसारखे अंथरुणात कुजायला हवे होते. हे मला त्यांच्याबद्दल वाटलं. ज्यांची पाठ मी पुसली त्यांच्याबद्दल. असा मी नव्हतो रे. नंतर ते स्वतः घरी आले, माफी मागितली, आईच्या फोटोपुढे बसले. त्यांना हे सांगता आलं नाही. त्यांच्याकडे बघताच येत नाही मला. तू चाललायस, म्हणून तुला सांगितलं."

ताई, मी त्याला म्हणायला हवं होतं की ही लाज तुझी नाही, माझी आहे, दे इकडे. आयुष्यभर बडबड केली, थापा मारताना जीभ कशी सरसर चालली, आणि नेमकं तेव्हा काही सुचेना. मी नुसता त्याचा हात धरला. तो त्याने सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

बाबा बाटली घेऊन आले. पॉलिशवाल्याने बाहीला तोंड पुसलं आणि माझी बॅग उचलून बसमध्ये चढवली. बस सुटली. दुसरा थांबा आला तेव्हा मी सीटची दांडी घट्ट धरून बसलो.

पण त्याआधी, वळणावर, मी मागे बघितलं होतं. दोघं अजून तिथेच उभे होते. तो खाली जमिनीकडे बघत होता. बाबांना वाटलं असणार, मी गेलो म्हणून त्याला वाईट वाटतंय. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता आणि ते त्याला हळूहळू थोपटत होते.

तुझा,
लंबू